जोड्यांची राखण

फर्दापूरच्या फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. संभाजीनगरपर्यंत बस, पुढे विमान, मग जर्मनी. आई बॅगेच्या चेनशी झटत होती आणि बाबा माझ्या नव्या बुटांकडे बघत होते. "चावले तर टाचेला कापूस लाव," म्हणाले. गाडी दिसली तेव्हा मात्र राहवलं नाही त्यांना. "दारात एवढी चित्रं असताना दुसऱ्याची दाखवायला चाललीस व्हय?" मी बॅग उचलून गाडीकडे वळले. राग आला होता, रडूही येत होतं.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, बाबांचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. लेण्यांत रंगवलेल्या भिंतींपाशी जोडे घालून जाता येत नाही. पर्यटक ते दारात काढतात आणि बाबा राखतात. कुणाचा जोड कुठला, हे त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळतं. इथे आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, वडील लेण्यांवर अधिकारी आहेत. लाज वाटली, दुसरं काय.

इथल्या कलासंग्रहालयात मी शिक्षण विभागात आहे. नवं प्रदर्शन लागलं की लोकांना हिंडून दाखवायचं, रविवारी व्याख्यान द्यायचं, शाळांची मुलं आली की त्यांच्या कार्यशाळा घ्यायच्या. गेल्या वर्षी बाबा महिनाभर आले, तेव्हा मी त्यांना हौसेनं व्याख्यानाला नेलं. दालनाच्या दाराशी ते वाकले, बूट काढले आणि टाचा भिंतीला लावून नीट ठेवले. बेवारस बूट कुणाचे म्हणून रखवालदार धावत आला. जमलेले श्रोते टकामका बघायला लागले.

"बाबा, घाला ते! इथं नाही काढत कुणी!" मी ओरडलेच.

त्यांनी मुकाट्यानं घातले आणि तासभर मागच्या बाकावर पाय आखडून बसून राहिले. त्या दिवशी व्याख्यानात मी काय बोलले, त्यातला एक शब्द मला आठवत नाही.

परतताना ट्राममध्ये मी माफी मागितली. अधिकाऱ्याची थापही सांगून टाकली. ती ऐकून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "तुझं बराबर हाय. पर पोरी, पायाला फरशी गार लागली की माणूस आपसूक हळू बोलतो. मी रोज बघतो ना."

ते गावी गेल्यावर एका शाळेची मुलं आली. नुसता कलकलाट. आमच्या विभागाच्या मॅडमना विचारून मी दाराशी चटई अंथरली आणि सगळ्यांना बूट काढायला लावले. मुलं आत गेली आणि खरोखरच आवाज उतरले. त्यांच्या बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, माझे वडील लेण्यांच्या दारात जोडे राखतात. किती वर्षं दडवलेलं वाक्य, सहज बाहेर पडलं.

परत कधी येणार, असं तुम्ही दर फोनला विचारता. मला खरंच सांगता येत नाही. पण त्या बुटांच्या रांगेपाशी उभी राहिले, तेव्हा पहिल्यांदाच इथे परकं वाटलं नाही. तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि रांग दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग काळजीनं म्हणाले, "समदे आत गेले, तर जोडे कोण राखतंय?"

"मी हाय ना, बाबा."