भोंगा झाला आणि योसेफ विहिरीतच राहिला

तुमच्याकडे डबा खाताना कधी भांडण झालंय का? भाजी कुणी जास्त घेतली म्हणून नव्हे, गोष्ट अर्धी राहिली म्हणून? आमच्याकडे होतं. आठवड्यातून एकदा तरी!

मी बजाजनगरच्या एका लहानशा शेडमध्ये पॅकिंगला आहे. रबरी वॉशर पिशवीत भरायचे, पिशवी सील करायची, खोक्यात लावायची. टेबलाभोवती आम्ही पाच जणी. वयानं सगळ्यांत मोठ्या वत्सलाबाई, मग मी, सुनंदा, शबाना आणि धाकटी मंगल. दुपारी जेवायला अर्धा तास, मग कामाचा भोंगा.

मी पडेगावहून येते. आमचं घर ख्रिस्ती. आई संडे स्कूल घ्यायची, त्यामुळे पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी मला पाढ्यांसारख्या पाठ. एकदा जेवताना सहज एक सांगितली, तर दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच वत्सलाबाई म्हणाल्या, "हं ताई, आज काय?" त्याला चार वर्षं झाली. गोष्टी त्याच, माझ्या लहानपणच्या. पण या बायकांनी त्यांना फाटे फोडून फोडून इतके किस्से करून ठेवलेत, की घरी गेल्यावर नवरा चहाच्या आधी विचारतो, "आज काय म्हणाल्या?"

*

मार्था आणि मरियेची गोष्ट होती. प्रभू येशू या दोन बहिणींच्या घरी आले. मार्था स्वयंपाकात अडकली, मरिया त्यांच्या पायाशी बसून बोलणं ऐकत राहिली. मार्थेनं तक्रार केली, तर प्रभू म्हणाले, मरियेनं निवडलं तेच चांगलं.

मग वत्सलाबाई म्हणाल्या, "मंग जेवले का नाय ते?"

"जेवले असतील की."

"कुणी रांधलेलं?"

मी डब्याचं झाकण लावलं.

रविवारी हाच प्रश्न मी जसाच्या तसा पाळकसाहेबांपुढे ठेवला. ते बायबलची पानं चाळू लागले. तेवढ्यात आतून पाळकबाईंचा आवाज आला, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा!"

*

रूथची गोष्ट सांगताना माझे डोळे भरून येतात. तिचा नवरा वारला. सासू म्हणाली, तू माहेरी जा, पोरी. रूथ म्हणाली, तुम्ही जाल तिथं मी येईन, तुमची माणसं ती माझी माणसं.

मंगलनं हातातला घास खाली ठेवला. ती सासूबरोबर दोन खोल्यांत राहते.

"ताई, समुद्र मधोमध फाटला म्हणालात, मी ऐकून घेतलं. माणूस तीन दिवस माशाच्या पोटात राहिला म्हणालात, तेबी ऐकलं. पण हे नाय पटत!"

तरी तिनं घरी जाऊन ती गोष्ट सासूला सांगितली असणार. कारण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी बरणीभर कारळाची चटणी आली. सोबत निरोप होता, "त्या ताईला म्हणावं, तेवढी एकच गोष्ट रोज सांगत जा!"

*

योसेफाची गोष्ट मोठी, आठवडाभर पुरते. त्यात शबानाची अडचण!

बापाच्या लाडक्या योसेफाला भावांनी धरलं, इथपर्यंत मी आले आणि शबाना उसळून उठली, "ये तो हमारे यूसुफ अलैहिस्सलाम हैं! मेरेकु मालूम है आगे क्या हुआ!"

"तोंड उघडलंस ना शबाने, तर माझ्या डब्यातलं वांगं बंद!" वत्सलाबाई म्हणाल्या.

वत्सलाबाईंचं भरलं वांगं म्हणजे काय ते शबानाला ठाऊक. तिनं ओढणीचा बोळा तोंडाशी धरला आणि उरलेली गोष्ट तशीच ऐकली. मी मधेच चुकले की नुसती मान हलवायची. दोनदा तिचंच बरोबर निघालं!

भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत ढकललं आणि भोंगा झाला. भोंगा झाला की मी थांबते. काम ते काम. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.

"म्हंजे परवापर्यंत लेकरू विहिरीत?" वत्सलाबाई कडाडल्या. "पाप लागंल तुम्हाला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चपला काढतोय न काढतोय, तोच आमचे सुपरवायझर कुलकर्णी साहेब दारात. एरवी ते आमच्या टेबलाकडे फक्त ओरडायला येतात. हातातल्या कागदात बघत हळूच म्हणाले, "काढलं का त्याला बाहेर?"

सगळ्या हसल्या. सुनंदा हसली नाही. "सख्ख्या भावाला ढकललं?" एवढंच तिनं विचारलं.

सुनंदाचं माहेर सोयगावकडचं. सहा वर्षं ती तिकडे गेलेली नाही. वडिलांच्या तेराव्याला शेताच्या वाटणीवरून शब्द वाढला आणि सगळ्या भावकीसमोर ती भावाला म्हणाली, तू बापाचं औषधपाणी नीट केलं नाहीस.

"खोटं बोलले ताई," तिनं मला एकदा हात धुताना सांगितलं. "दोन वर्षं त्यानं लेकरासारखं केलं त्यांचं. मला ठाव होतं, तरी बोलले. तो काहीच म्हणला नाय. नुसतं बघितलं माझ्याकडं." तेव्हापासून फोन नाही, राखी नाही.

*

पाच भाकरी आणि दोन माशांत प्रभूंनी पाच हजार पुरुषांना जेवू घातलं आणि वर बारा टोपल्या उरल्या. वत्सलाबाई लग्नाच्या स्वयंपाकाला जातात, त्यांच्यापुढे ही गोष्ट सांगायची म्हणजे परीक्षाच.

"पाच हजार निस्ते पुरुष? बाया-पोरं नव्हती?"

"होती. ती मोजली नव्हती."

"आमच्यात बी नाय मोजत! अन् उरल्या कशाला म्हणता? बायांची पंगत राहिली असंल अजून!"

पंगतीवरून लग्नांचा विषय निघाला आणि सुनंदानं मोबाइल टेबलावर ठेवला. तिच्या भाचीची पत्रिका. लग्न चार दिवसांवर.

"व्हॉट्सॲपवर आली," ती म्हणाली. "फोन नाय आला."

"आत्याबिगर लग्न व्हतंय का कुठं? जा की!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"दारातनं परत पाठवलं तर?"

वत्सलाबाईंनी आपली भाजी तिच्या डब्यात वाढली.

*

मी दुसऱ्या दिवशी याकोब आणि एसावाची गोष्ट काढली. मुद्दाम काढली असं म्हणा हवं तर.

हे जुळे भाऊ. थोरला एसाव एकदा रानातून भुकेला आला आणि धाकट्या याकोबाच्या मसुराच्या वरणासाठी त्यानं आपला थोरलेपणाचा हक्क विकला.

"फोडणी कशाची होती?" वत्सलाबाईंनी विचारलं.

पुढे याकोबानं आंधळ्या बापाला फसवून एसावाचा आशीर्वादही लाटला आणि पळून गेला. वीस वर्षं परमुलखात राहिला. संसार झाला, गुरंढोरं झाली, पण भावाचं भय जाईना. शेवटी तो घरी यायला निघाला आणि वाटेत खबर आली, की एसाव समोरून येतोय, बरोबर चारशे माणसं.

मंगलचा डबा उघडाच राहिला. मी शबानाकडे पाहिलं. ती म्हणाली, "ये मेरेकु बी नै मालूम!"

याकोबानं भावासाठी शेरडं, मेंढरं, उंट असे कळपामागून कळप पुढे पाठवले. बायका-मुलांना मागे ठेवलं. मग एकटाच पुढे झाला. आदल्या रात्री देवदूताशी झुंजताना मांडी निखळलेली, म्हणून लंगडत होता. सात वेळा भुईपर्यंत वाकला. आणि समोरून एसाव धावत सुटला...

भोंगा झाला.

"अरे देवा!" मंगल ओरडली. दारात कुलकर्णी साहेब उभे होते. ते घड्याळाकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत होते. वत्सलाबाई म्हणाल्या, "ताई, आज भोंग्याला मारा गोळी!"

सगळ्या उठल्या तरी सुनंदा उठली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"धावत आला ते मारायला का ताई?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा भोंग्यानंतर सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं. तिनं मान हलवली.

"राहू द्या. नका सांगू."

मग तिनं डबा बंद केला आणि संध्याकाळपर्यंत पिशव्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा कामावर आली नाही. सहाच्या एसटीनं ती सोयगावला गेली होती.