दुमडलेली ताडपत्री

विलासच्या जाण्याची बातमी मला फोनवर कळली नाही. कुरुंद्याला त्याच्याच मळ्यात उभा राहून मी ती डोळ्यांनी बघितली. दीड महिना झाला. अजून वर विमानाचा आवाज आला की मी घरात पळतो.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. मोठा हट्टी! विमान चालवायला शिकला आणि पुढे तेच पोरांना शिकवू लागला. एकटाच उडायचा असला की आधी फोन यायचा, "बाळ्या, ताडपत्री टाक रे." हळद वाळवायची ती मोठी निळी ताडपत्री मी त्याच्या मळ्यात अंथरायचो, शेजारी त्याची माय येऊन उभी राहायची. तो वरून थेट तिच्यावर झेपावायचा आणि ती बाजेएवढी दिसली की विमान वर खेचायचा. इतक्या खाली यायला बंदी होती. उंची दाखवणारा काटा होता की समोर! पण "काट्याकडं बघू का मायकडं?" म्हणून हसायचा. आणि मी काय कमी? "अजून खाली ये, तोंड दिसंना तुझं," असं मीच चढवायचो त्याला.

त्या सकाळी वारा सुटला होता. ताडपत्री उडून राहिली होती, म्हणून मी ती दुमडून निम्मी केली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. एवढंच केलं... विलास आला, मायनं पदर हलवला. विमान झेपावलं ते खाली येतच राहिलं. निम्मी ताडपत्री त्याला पुरीच वाटली, अजून लांब असल्यासारखी. ती बाजेएवढी दिसेपर्यंत वर खेचायला उंचीच उरली नव्हती. ताडपत्रीवरून पुढं जाऊन विमान बांधापलीकडं आदळलं.

चौकशीचे साहेब म्हणाले, वैमानिकाचा अंदाज चुकला. बराबर आहे. पण कशानं चुकला ते त्यांनी विचारलं नाही आणि मी भित्र्यानं सांगितलं नाही.

तेराव्याला माय म्हणाली, "दरखेपेला बराबर वर जायचा की रे. त्या दिवशी काहून न्हाई गेला?"

"ठाऊक न्हाई, माय," मी म्हणालो.

काल तिची उकडलेली हळद वाळत घालायला गेलो. मळ्यात ताडपत्री तशीच दुमडलेली, वर माझेच चार दगड. मी उलगडायला वाकलो, तर माय ओरडलीच, "हात लावू नको! माझ्या लेकरानं शेवटी तीच पाहिली. तू टाकली तशीच राहू दे."

हळद आम्ही मातीवरच पसरली.