अभिमनने आखलेली पंगत

अभिमन पाटील अहमदाबादला साड्यांवर फुलं काढायला शिकतो, अशी शिंदखेड्याजवळच्या त्याच्या गावाची ब्याण्णव सालापर्यंत पक्की समजूत होती. चूक गावाची नव्हती. इंजिनिअर झालेला पोरगा हातची नोकरी सोडून पुन्हा शिकायला जातो आणि काय शिकतोस विचारलं की ‘डिझाइन’ म्हणतो, यावर गावाने दुसरं काय समजावं? तो बिचारा जीव तोडून सांगायचा, की वस्तूंची नाही, व्यवस्थेची आखणी शिकतोय. माणूस दवाखान्यात शिरल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत कुठे खोळंबतो, कुठे वैतागतो ते बघायचं आणि सगळं नीट लावून द्यायचं. त्याचे काका निंबानाना शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "म्हनजे रांग लावाना धंदा शे. त्यानासाठे दोन वरीस?"

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी सांगितलं, जी सेवा तुम्हाला आतून माहीत आहे ती घ्या. कुणी बँक घेतली, कुणी रेल्वेचं आरक्षण. अभिमनने लग्नाची पंगत घेतली. सरांना कल्पना फार आवडली, पण खरं कारण त्याने त्यांना सांगितलं नाही. ते कारण म्हणजे त्याची आई सुंदरबाई. भावकीतलं कुठलंही लग्न असो, ती पहाटेपासून चुलीशी असायची आणि जेवायची उन्हं कलल्यावर, तिथेच भांड्यांच्या गराड्यात, कणकेच्या तळलेल्या बट्टीचा चुरा आणि गार वरण. तिला कुणी छळत होतं असं नाही. असंच असतं, असं सगळे म्हणत, आणि तीही म्हणे. वैशाखात धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न ठरलं, तेव्हा अभिमनने मनाशी ठरवलं, की लेकीच्या लग्नात तरी माय पंगतीत बसून गरम घास खाईल.

त्याने मोठ्या कागदावर पंगतीचा सगळा प्रवास मांडला आणि खोळंब्याचं मूळ शोधून काढलं. ते मूळ होतं बोलावणं. त्या भागात पत्रिका मिळाली म्हणून कुणी जेवायला येत नाही. पानं मांडली, की घरच्या माणसाने पुन्हा दारोदार जाऊन ‘जेवाले चला’ म्हणायचं असतं. तेवढ्यानेही कुणी उठत नाही. "व्हा पुढे, येतस," म्हणतात आणि दुसऱ्या बोलावण्याला पाय धुऊन निघतात. घरची तरणी पोरं दुपारभर यातच पळत राहतात आणि बाया भांड्यांशी अडकून पडतात. लहानपणी अभिमनही असाच पळाला होता आणि तेव्हापासून त्याने या बोलावण्यावर डूख धरला होता. त्याने त्यावर लाल पेन्सिलीने काट मारली. वरची गल्ली कधी जेवेल, खालची गल्ली कधी, हे त्याने थेट लग्नपत्रिकेतच छापलं. ही पत्रिका आहे की एसटीचं वेळापत्रक, असं धुळ्याच्या छापखानेवाल्याने विचारलंसुद्धा. नानांनी पत्रिका वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि ती घडी करून खिशात ठेवली. अभिमनने तो होकार धरला.

लग्नाच्या दिवशी व्याह्यांची माणसं जेवून उठली. गावची पानं मांडली गेली, वरणाच्या बादल्या घेऊन पोरं उभी राहिली, आणि मांडवात चिटपाखरू फिरकेना. अभिमन धावत गल्लीत गेला. सारं गाव टोप्या घालून, केस विंचरून, ओट्याओट्यांवर तयार बसलं होतं.

"आबा, पानं मांडेल शेतस ना!" तो पहिल्याच ओट्यावरच्या चिंधाआबांना म्हणाला.

"मांडेल व्हतीन," आबा म्हणाले. "आम्हले कोठे कोनी सांगं?"

"पत्रिकामा छापेल शे ना!"

"पत्रिकाले तोंड शे का रे भाऊ?"

बोलावलं नाही म्हणून गाव उपाशी बसलं, ही गोष्ट मंदाच्या पोरांच्या लग्नापर्यंत उगाळली गेली असती. आणि गाव जेवल्याशिवाय माय जेवणार नव्हती. काट मारलेल्या त्या एका गोष्टीने सगळंच मुसळ केरात घातलं होतं.

मागोमाग गल्लीत आलेले नाना रागावले नाहीत. त्यांनी स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. "चाल. बोडका डोकानी बलावतस नही."

अभिमन दारोदार हात जोडत गेला, एकदा आणि मग पुन्हा. प्रत्येक दारी त्याला थांबावं लागलं, कारण प्रत्येक दारी कुणी त्याची पाठ थोपटली, कुणी त्याच्या आजोबांची आठवण काढली. तेव्हा त्याला कळलं, की आपण जो खोळंबा म्हणून खोडला तेच खरं आमंत्रण होतं. माणसं वरण-बट्टीसाठी अडली नव्हती, तुम्ही आम्हाला हवे आहात हे तोंडाने ऐकायला बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि गावाची मायाही वाटली.

गाव पोटभर जेवलं. पण उन्हं कलली ती कललीच. तो घरात आला तेव्हा बाया नेहमीसारख्या चुलीभोवती कोंडाळं करून बसत होत्या आणि सुंदरबाई गार वरण पळीने ढवळत होती. अभिमन आल्या पावली बाहेर गेला. वरण तापवायला लावलं, ताज्या बट्ट्या तळायला सांगितल्या, मांडवात नवी पानं मांडली. मग तो परत येऊन उंबऱ्यात उभा राहिला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्याने हात जोडले.

"माय, जेवाले चला."

बाया पदरात तोंड लपवून हसल्या. घरच्या बाईला कुणी बोलावतं का? सुंदरबाई हसली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला जेवायला कुणी बोलावलंच नव्हतं. तिने पळी खाली ठेवली, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि पाठ ताठ करून पुन्हा खाली बसली.

"तू व्हय पुढे," ती म्हणाली, "मी येस."

अभिमन क्षणभर गोंधळला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मांडवापर्यंत जाऊन परत आला आणि पुन्हा हात जोडून म्हणाला, "माय, जेवाले चला."

तेव्हा सुंदरबाई पाय धुवायला उठली.