मच्छरवाली दीदी

सुई काढली की ती बाळाच्या मांडीवर हळूच फुंकर घालायची आणि म्हणायची, "मच्छर था, उड गया!" बाळाला काय कळणार? पण घाबरलेली आई हसायची, आणि आई हसली की बाळही गप्प व्हायचं. टेमघरच्या आमच्या आरोग्य केंद्रात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या बायका दारातूनच विचारायच्या, "वो मच्छरवाली दीदी है क्या?"

मी तिच्या हाताखाली नवी सिस्टर म्हणून लागले. माझं पहिलं इंजेक्शन बघून म्हणाली, "हात आहे का मुसळ गं तुझा? पोराने तुझं काय घोडं मारलंय?" सगळ्यांसमोर! मला रडू आलं, तर दुपारी स्वतःची सुकटीची चटणी माझ्या डब्यात टाकली.

लसीला नाही म्हणणाऱ्या घरी आम्ही तिलाच पुढे करायचो. एका आजोबांनी दार लावून घेतलं, तर ही बया पायरीवर बसून दाराआडून त्यांच्याशी गप्पा मारत राहिली. शेवटी त्यांनीच नातवाला बाहेर आणलं, वर आम्हाला चहा पाजला.

आणि हीच बाई करोनाची लस आल्यावर अडून बसली. पहिली पाळी आम्हा दवाखान्यातल्यांची. मी म्हटलं, "ताई, चला." तर म्हणे, "तान्ही आहे गं ती लस अजून. जरा रांगू तर दे." मोबाईलवर कोणीतरी भलतेसलते व्हिडिओ पाठवायचं आणि तिला ते खरे वाटायचे. तिला, जिने जन्मभर दुसऱ्यांच्या मनातल्या अफवा काढल्या! मी भांडले, डॉक्टरांनी समजावलं. ती हसायची नि विषय बदलायची.

मग लोकांची रांग लागली. बाया तिलाच विचारायच्या, "दीदी, आपने लिया?" एके सकाळी बघते तर हिच्या दंडावर कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. मला वाटलं, सुटले बाई एकदाची! आनंदाने जवळ गेले, तर कानात म्हणाली, "नुसताच चिकटवलाय. माझ्यामुळे कोणी मागे फिरायला नको."

"आणि तुमचं काय?"

"रांगू दे गं."

रोज पदर सारून ती तो बोळा दाखवायची, आणि बाया निमूट दंड पुढे करायच्या.

दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. इस्पितळातून एकदा तिचा फोन आला. धाप लागली होती. "अगं, आता टोचून घेतली तर चालेल का?"

उशीर झालेला मला कळत होता आणि तिलाही. म्हटलं, "आधी बऱ्या व्हा ताई. मग मीच टोचते."

"तूच टोच. मुसळ चालेल मला." हसायला गेली आणि खोकत सुटली. फोन बंद झाला.

ती परत आलीच नाही. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही हो. अजून तिचा राग येतो मला, आणि रागातच रडू फुटतं.

खुंटीवरचा तिचा एप्रन धुऊन तिच्या लेकीकडे द्यावा म्हणून मी काढला. खिशात तो बोळा होता, चिकटपट्टीसकट. उद्या पुन्हा लावायला जपून ठेवला असणार. सुई टोचलेल्या जागेवरच्या कापसाला रक्ताचा एखादा ठिपका लागतोच. मी तो उलटसुलट करून पाहिला. पांढराशुभ्र होता.