गढीची माती, आमचं धाबं

आमच्या गावची गढी सरकारी संरक्षणात मीच नेली, आणि नेताना माझ्या घरावरही तिचीच माती आहे हे विसरलो.

गढी म्हणजे पांढरकवड्याकडून येताना दिसणारा मातीचा दांडगा उंचवटा. वर कधीकाळी कोणा जहागीरदाराचे बुरूज होते. माझ्या वेळी बोरी, बाभळी अन् बकऱ्या. पण तिची पांढरी माती घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर, चोपली की पाणी थेंबभर झिरपत नसे. म्हणून दर उन्हाळ्यात अख्खं गाव टोपली घेऊन गढीवर.

मी शाळामास्तर. मला ते खणणं रानटीपणाचं वाटे. पुरातत्त्वाचे एक साहेब तालुक्याला आले, तर मी त्यांना बैलगाडीत घालून आणलं आणि गढीवर उभं राहून असं भाषण ठोकलं की साहेबांनाच गहिवरून आलं. पुढच्या वर्षी टिनाचा निळा बोर्ड लागला: माती खोदल्यास शिक्षा. चौकीदारही नेमला, आमच्याच गल्लीतला. त्या उन्हाळ्यात कोणाच्याच धाब्यावर माती पडली नाही.

पावसाळ्यात आमचं घर गळायला लागलं. घरात नुकतं जन्मलेलं लेकरू. टिनं टाकावीत तर पगार मास्तरचा. पाळणा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, अन् धार त्याच्या मागोमाग. तालुक्याला गेलो. कारकून म्हणाला, "वर लिहा." वर लिहिलं. उत्तर आलं नाही. वरून पाणी तेवढं येत राहिलं.

गंमत अशी, की गढीचीच माती पावसानं वाहत आमच्या अंगणात येऊन बसली. पांढरी, लोण्यासारखी. मी घमेलं घेतलं. गल्लीतून चौकीदार ओरडला, "मास्तर, ठेवा खाली! थे सरकारी हाये."

"अरे, माह्या अंगनात आली ना बाबा!"

"मंग काय झालं? तुमीच त सांगतलं सायबाले, मूठभर बी हालू देऊ नोका म्हनून. माह्यं घर नाई गळून राह्यलं का? मी उचलली का?"

रिकामं घमेलं घेऊन घरात शिरलो, तर बायको लेकरू पोटाशी धरून कोरडी जागा शोधत उभी. मी म्हटलं, "आणखी एकदा वर लिहून पाहतो."

"काई लिहू नोका," ती म्हणाली. "तो टिनाचा बोर्ड उपटून आना, पाळन्यावर धरू. तुमच्या साऱ्या खटपटीत तेवढंच काय ते कामाचं झालं."