ताईची मान

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, आणि बहिणीच्या अंगाबद्दल भावाने लिहावं का, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. चुकत असेन तर सांभाळून घ्या. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही, फकत माझं नाव घालू नको."

ताई बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, तेव्हा काटकुळी होती. पाड्यावर ती हंडे घेऊन चढ चढायची, पावसाळ्यात भाताची आवणी करायची. कारखान्यात मात्र पूर्ण पाळी खुर्चीवर. कंपनीची बस सालवडला तिने भाड्याने घेतलेल्या खोलीसमोरून न्यायची, तिथेच सोडायची. दमून आल्यावर स्वयंपाक कोण करणार? खाली चायनीजची गाडी होती, बरोबर बाटलीतला गोड थंडा.

दर सणाला ती आणखी रुंद होऊन घरी यायची आणि आई खूश व्हायची. वीटभट्टीवर पोटाला चिमटा घेऊन दिवस काढलेली बाई ती. "अंग भरलं पोरीचं. आता कोन म्हनेल आमी उपाशी?" म्हणत ती ताटात आणखी भात वाढायची. शेजारीण चिडवायची, "कंपनीत काय खायाला घालतात गो? मला पन लाव तिथं!" ताईही हसायची.

मग तिची मान मागून काळी पडू लागली. आईला वाटलं, कारखान्यातली भुकटी बसली. ती ताईला अंगणातल्या दगडावर बसवून नारळाच्या काथ्याने मान घासायची. कातडी सोलवटायची, काळं तसंच राहायचं.

"आये, सोलतेस का मला?"

"गप बस. मळ हाय, निघेल."

पालघरला आमच्या कॉलेजात एक डॉक्टरबाई मुलींशी बोलायला आल्या. मी खुर्च्या मांडायला होतो, म्हणून मागे उभा राहिलो. पडद्यावर एका मानेचा फोटो आला. अगदी ताईची मान. वजन वाढतंय, सारखी तहान लागते आणि मान अशी काळी पडली असेल तर रक्तातली साखर तपासा, असं त्या म्हणाल्या. ताई उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपायची. आणि पाड्यावरच्या काकीचा पाय साखरेमुळेच कापावा लागला होता.

मी बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"येडा झालास? साखर म्हाताऱ्यांना होते. माझं अजून लगीन नाय झालं."

"काकीचा पाय आठव, ताई."

ती म्हणाली, "उद्या सुट्टी टाकते."

दुसऱ्या दिवशी वर्गात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी लावलेले फोन ती उचलत नव्हती. दवाखान्यात चक्कर येऊन पडली असेल का? कुणाला विचारू? संध्याकाळी तिचाच फोन आला.

"साखर निघाली," ती म्हणाली. "गोळी दिलीय. थंडा बंद, रोज चालायचं. पाय पन बघितले त्यांनी. बरे हायेत."

मी ते सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

"आयेला तूच सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हनावं, मळ नाय तो. आता घासू नको."