तुमसर ते दिघोरी, आडव्या सायकलीवर: पाय वर की पाय खाली?

सायकल माझी. पाइप माझे, वेल्डिंग माझं, तीन जुन्या साखळ्या जोडून एक लांब साखळी केली तीही माझीच. आणि तुमसर रोड स्टेशनला उतरलो तर ऑटोवाला मलाच विचारतो, "तुम्ही त्या खाटसायकलवाल्या भाऊचे साळे ना जी?"

म्हणजे नावही भाऊजींनीच ठेवून टाकलं होतं.

आधी सांगतो ही काय भानगड आहे. मी चाकणला वेल्डर आहे. शाळा आठवीत सुटली, तेव्हापासून घर सोडून कुठे ना कुठे कामावर. दिवसभर उभं राहून काम, त्यामुळे पोटरीवर निळ्या नसा फुगून आल्या आणि संध्याकाळी घोटे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, पायातलं रक्त वर परत चढत नाही, नसांच्या झडपा ढिल्या झाल्यात. घट्ट लांब मोजे घाल, बसलास की पाय वर ठेव, पाय हलवत राहा. त्याच सुमारास शॉपवर एक गिऱ्हाईक चीर गेलेली अजब सायकल घेऊन आलं. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं, पाय पुढे लांब करायचे, पायडल पार छातीच्या उंचीला. जोडून झाल्यावर एक चक्कर मारली आणि उतरावंसं वाटेना. पाय इतके हलके कधी वाटलेच नव्हते. मग रविवारी रविवारी भंगारातून मी माझी बनवली. तीन चाकं, पुढे दोन, मागे एक. पण चाकणच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकाजवळ डोकं घेऊन कोण हिंडणार? ट्रान्सपोर्टने बहिणीकडे तुमसरला पाठवून दिली. ठरवलं, हिवाळ्यात सुट्टी टाकायची आणि तुमसरहून आपल्या गावी, दिघोरीला, सायकलने जायचं. मध्ये लाखनीला मुक्काम.

फक्त सायकल उन्हाळ्यात पाठवली आणि मी आलो हिवाळ्यात. तेवढ्यात ती भाऊजींची झाली.

भाऊजी राइस मिलवर असतात. त्यांचेही पाय दुखायचे. माझी बहीण मंदा फोनवर माझं सगळं ऐकायची, तिने त्यांना सांगितलं, पाय वर ठेवले की बरं वाटते म्हणते मंग्या, म्हणजे मी. झालं. भाऊजी रोज खाटसायकलीवर मिलला. एवढंच नाही, मी ठेवून गेलेला घट्ट मोज्यांचा जादा जोडही त्यांच्याच पायात. चौकातले पोट्टे मागे पळायचे. भाऊजींनी शीटला लाल रेक्झिन लावून घेतलं होतं आणि मागे एक झेंडा. खरं सांगतो, झेंडा चांगला होता, त्याचाच जास्त राग आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गावाहून बाबांचा फोन. "जवाईले बी आण सोबत."

"बरं."

"अन् ते सायकल त्यायलेच चालवू दे. पाहुणा मानूस."

"बाबा, म्या बनवली ते सायकल!"

"मंग? तू तर घरचाच हायेस ना गा."

आमच्याकडे जावयाला कुणी नाही म्हणत नाही. जेवताना पहिलं ताट त्याचं, खाटेवर चांगली बाजू त्याची. तेव्हा सकाळी भाऊजी लाल शीटवर रेलून निघाले आणि मी मागे त्यांच्या जुन्या काळ्या सायकलीवर, पाय खाली लोंबकळत.

रस्त्याचं सांगतो, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. भंडाऱ्याचा मोठा रस्ता घेऊ नका, आतल्या रस्त्यांनी वैनगंगा ओलांडून लाखनीकडे उतरा. जवळपास पन्नास किलोमीटर. चढ नाही म्हटलं तरी चालेल, पण खड्डे आहेत, आणि आडव्या सायकलीवर खड्डा थेट पाठीत बसतो. धान कापून झाले की लोक डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालतात, तिथे उतरून ढकलत न्या, उगाच शिव्या खाऊ नका. आणि झेंडा उंच लावा. तुम्ही मोटरसायकलवाल्याच्या गुडघ्याच्या उंचीवर असता, त्याला दिसतच नाही.

सकाळी थंडी चांगली होती. वावरांत पुंजणे उभे, म्हणजे कापलेल्या धानाचे गोल रचलेले ढीग, त्यांच्यावर दव. बघण्यासारखं होतं. पण मी काय बघत होतो? भाऊजींची पाठ. प्रत्येक गावात बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हातारे हात वर करायचे. भाऊजी हात हलवत पुढे, जसे काही निवडून आले.

एका फाट्यावर तर्री पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, तर्री पाहिजे तेवढी. टपरीवाला सायकलीभोवती दोनदा फिरला.

"कोठून आणली जी भाऊ?"

"आमचे साळेबुवा हायेत ना," भाऊजी म्हणाले, "पुण्याकडे अशीच हजारानं बनवतेत."

"अन् हे मागचे कोण?"

"हेच ते."

टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग काळ्या सायकलीकडे. "मंग तुमाले नाई भेटली का एक?"

सगळे हसले. मी पण हसलो, पोहे तिखट आहेत म्हणून डोळे पुसले.

दुपारी एका बोडीवर थांबलो. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, सावली होती. मी सवयीने आडवा झालो आणि पाय झाडाच्या खोडावर टेकवून वर केले. आहा. माझे घोटे एवढ्यातच सुजले होते. भाऊजींनी काय केलं, तर माझा मोजा, म्हणजे त्यांचा, काढून ठेवला, पाळीच्या काठावर बसले आणि पाय पाण्याकडे खाली सोडून दिले. बिडी पेटवली.

"मिलवर बी असंच करतो," म्हणाले. "लटकवले का बरं वाटते. सायकलीवर थोड्या वेळानं मुंग्या येतेत. रात्री बी खाटेखाली सोडूनच झोपतो."

मी उठून बसलो. चाकणच्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. पाय वर करून बरं वाटतं की खाली सोडून? मी म्हणालो वर. ते म्हणाले, मग तुझं रक्त वर यायला अडतंय. ज्याला खाली सोडून बरं वाटतं त्याचं उलटं, त्याच्या पायापर्यंत रक्त पोचतच नाही. तो पाय वर केला तर होतं तेवढंही जाईना.

भाऊजींचा पाय पाहिला. मोजा काढला तेव्हा मेणासारखा पांढरा होता, आता खाली सोडल्यावर लालभडक होत होता. अंगठ्याशेजारच्या बोटावर काळपट जखम. हात लावला तर भर दुपारी गार.

"हे कवाचं?"

"दिवाळीचं. चप्पल लागली. भरूनच नाई राहिली."

"भाऊजी, तुमी या सायकलीवर नका बसू. अन् ते मोजे परत नका घालू. दवाखान्यात चला."

भाऊजींनी धूर सोडला आणि हसले. "आलं का ओठावर? सकाळपासून पाहून राहिलो, तुयं तोंड कसं झालं ते. सायकल पाह्यजे तं सायकल माग ना बे. मले बिमार कायले करतं?"

माणूस बरोबर बोलत होता. सकाळपासून मी जळतच होतो. मी खरं सांगत होतो आणि खरं सांगायला माझ्याच तोंडाची लाज आडवी येत होती. सायकल मागितली असती तर त्यांनी दिली असती, तेवढा मोठा माणूस आहे. पण मग काळ्या सायकलीवर बसून, तेच मोजे घालून, तीच बिडी ओढत गेले असते आणि दवाखान्यात गेलेच नसते. मनात म्हटले असते, पोराला खेळणं पाहिजे होतं, दिलं.

भाऊजींनी मोजा परत वर चढवला आणि लाखनीची वाट धरली. मध्ये ते तीनदा थांबले, दरवेळी पोटरी दाबत. मी मागून विचारलं, "दुखते का?" ते म्हणाले, "तुयं दुखते ते पाह्य."

लाखनीला हायवेवर ट्रकची रांग, गॅरेजं, टायरवाले. भाऊजी चहाला बसले तेवढ्यात मी खाटसायकल ढकलत एका वेल्डिंगच्या दुकानात नेली. दुकानदाराला म्हटलं, ग्राइंडर द्या, जोड मीच मारतो. पुढचा दांडा, ज्यावर पायडल बसतं, तो कापायला घेतला. ठिणग्या उडाल्या तसे भाऊजी धावत आले. चहाचा ग्लास हातातच.

"अबे, येडा झाला का? काय करून राहिला?"

"पायडल खाली घेऊन राहिलो. शीट वर उचलतो. म्हणजे पाय कमरेच्या खाली राहीन तुमचा."

"अन् तू कसा चालवशीन मंग?"

"माह्या कामाची नाई राहत आता."

ग्राइंडर बंद केला. दांडा दोन तुकडे होऊन खाली पडला होता. रविवारी रविवारी बसून वाकवलेला तो पाइप. भाऊजी कधी तुकड्यांकडे बघत होते, कधी माझ्याकडे. मग तिथल्याच लाकडी पेटीवर बसले आणि मोजा हळूच काढायला लागले. जखमेला चिकटला होता.

"मंदाले नाई सांगतलं म्या," म्हणाले. "बोट कापतीन म्हनून भेव वाटे."

दवाखाना चार दुकानं सोडूनच होता. डॉक्टर मॅडमनी आधी मोजे पाहून कपाळाला हात लावला. दंडाला बांधतात तो बीपीचा पट्टा घोट्याला बांधला, दोनदा हवा भरली, मग दंडाला. दोन्हींत खूप फरक निघाला. म्हणाल्या, रक्ताची वाट अरुंद झाली आहे, आजच नागपूरला जा, नसांच्या डॉक्टरांकडे, जखम वाढली तर बोटाचं सांगता येणार नाही. घट्ट मोजे अजिबात नाही. बिडी आजपासून बंद. मी सायकलीचं विचारलं. म्हणाल्या, पाय हलवणं वाईट नाही, पण जखम भरल्यावर, तिथल्या डॉक्टरांना विचारून, पाय खाली ठेवून, आणि दुखलं की थांबायचं.

भाऊजींनी खिशातलं बिडीचं बंडल माझ्या हातात दिलं. "फेकून दे. अन् मागितली तं देजो नको."

तर वाचकांनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पाय दुखतो म्हणजे सगळ्यांचा पाय वर करायचा असं नाही. आडवी सायकल घ्यायच्या आधी कोणता रोग आहे ते डॉक्टरकडून समजून घ्या. मी माझं औषध दुसऱ्याच्या पायात घातलं गेलेलं उशिरा पाहिलं.

मंदाला बोलावलं, नागपूरला मीही गेलो. नस उघडायचं लहान ऑपरेशन झालं, बोट राहिलं. दोन दिवसांनी लाखनीला परत येऊन मी दांड्याचा जोड पुरा केला आणि पायडल खाली आलेली सायकल दिघोरीला नेली. लाखनी ते दिघोरी रस्ता सुरेख आहे, दोन्हीकडे धानाची वावरं, मध्येमध्ये तळी, पाणकोंबड्या. पण पाय खाली, त्यामुळे पोहोचेपर्यंत माझे घोटे पोळीसारखे फुगले. बाबांना ऑपरेशनचं अजून सांगितलं नव्हतं, ते दारातच उभे होते. माझ्या मागे रस्त्यावर लांबवर बघत म्हणाले, "जवाई कोठी हायेत?"

खाटसायकल टेम्पोने तुमसरला पाठवून आता परत चाकणला आहे. रात्री भिंतीला पाय लावून पडतो. मंदाचा फोन येतो, जखम सुकली, डॉक्टरांनी हळूहळू चालवायला परवानगी दिली, मिलपर्यंत जातात आणि येतात, वाटेत बिडीची टपरी लागली की मान फिरवतात. मला बरं वाटतं, शपथेवर. आणि ती म्हणते की चौकातले पोट्टे अजून मागे पळतात, तेव्हा मी तसाच जळतो. ते काही बरं झालेलं नाही.

परवा फोनवर मंदाच्या मागून भाऊजी ओरडले, "त्याले सांग, एक अजून बनव. दोघं मिळून जाऊ दिघोरीले."

पाइप जमवायला सुरुवात केली आहे. या वेळी पायडल इतकं वर ठेवणार आहे की भाऊजींना त्याच्यावर डॉक्टरच बसू देणार नाहीत.